खळ्यावरची शाळा

"मावशी, उठा. ही रांग फर्स्ट बॅचची आहे. तुमची सोय मागे केलीय."

पालक समितीतला टायवाला माणूस माझ्या आयला म्हणाला. आय उठली. मागे जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

मी स्टेजच्या पायरीवर होते. नववीत. आमच्या कॉन्व्हेंटला चाळीस वर्षं झाल्याचा सोहळा होता आणि आम्हा गावच्या पोरींना लुगडी नेसवून नाचायला आणलं होतं. दरवर्षीचंच. वक्तृत्वाला गावाशेजारच्या नव्या कॉलनीतली मुलं, नाचाला आम्ही.

आय फर्स्ट बॅचचीच. शाळेला इमारत नव्हती तेव्हा पहिला वर्ग तिच्या बापाच्या खळ्यावर भरायचा. भाताची झोडणी सुरू झाली की सुट्टी. खळं मोकळं झालं की पुन्हा पाढे. सिस्टरना प्यायला पाणी आमच्याच घरचं. आणि स्मरणिकेत काय छापलं? "इथे ओसाड माळ होता." अख्खं गाव ओसाड माळ!

निवेदिका म्हणाली, "आणि आता, आपल्या गोड आगरी मुली..."

मी तिच्या हातातला माइक घेतला. "फर्स्ट बॅचची बाई तुमी आत्ता उठवली. ती माझी आय हाय. तिला बसवा, मग आमी नाचतो."

कुणीतरी खिदळलं. माइक बंद झाला. प्रिन्सिपल सिस्टर जवळ येऊन म्हणाल्या, "माय चाइल्ड, आज आनंदाचा दिवस. माफ कर."

रोज प्रार्थनेत म्हणायचो, सगळी देवाची लेकरं. मग त्यातल्या आम्हीच का माफ करायचं?

आमच्यातली एकही नाचली नाही. गाणं वाजत राहिलं. स्टेज रिकामं.

घरी आय चिडली. "दहावी करायची हाय ना तुला? शाळेतनं नाव काढतील." मग हळूच म्हणाली, "लय वर्षांनी शाळेत बसले होते गं."

नाव काढलं नाही. दहावी झाले. शाळेनंच मला लिहायला शिकवलं, ते नाकारत नाही. म्हणूनच आता घरोघर जाऊन लिहून घेते. खळं कुणाचं, दगड कुणी वाहिले, पहिल्या वर्गात कोण बसलं. ती पानं घेऊन तीनदा शाळेत गेले. उत्तर एकच, "रेकॉर्डमध्ये नाही."

रेकॉर्ड लिहिलं कुणी?

पन्नासाव्या वर्षाची स्मरणिका निघतेय. आमची पानं त्यात छापा. नाही छापलीत तर आम्ही छापू, गेटवर उभ्या राहून वाटू. अडवलंत तर रोज वाटू.