आधी ब्लॉक करा, मग रडा!

चार बायका पापड लाटायला बसल्या की पापडांपेक्षा गोष्टीच जास्त होतात. आमच्या ऑफिसचं तसंच आहे. फरक इतकाच, की आम्हाला फोन करणाऱ्या प्रत्येकाचं काहीतरी हरवलेलं असतं!

हुबळीत गोकुळ रोडवर, मोटार वाइंडिंगच्या वर्कशॉपच्या माडीवर आमचं ऑफिस. क्रेडिट कार्ड हरवलं, चोरीला गेलं, की मराठी आणि कन्नड लोकांचे फोन आमच्याकडे येतात. फोन घेणारे आम्ही तिघं: मी, राजू आणि गिरिजाअक्का. आमच्यावर मंजुनाथ सर.

अक्का अळणावरची. फोनवर कोणी रडायला लागलं की तिचं ठरलेलं वाक्य, "आधी ब्लॉक करा, मग रडा!"

आणि स्वतः? तिचा धाकटा भाऊ परशुराम तीन वर्षांपूर्वी घरातनं निघून गेला, तो गेलाच. त्याच्या खिशात अक्काच्याच खात्यावरचं, पण त्याच्या नावाचं जादा कार्ड होतं. ते तिनं कधी ब्लॉक केलं नाही. "कुठंतरी चहा तरी पिईल की गं त्याच्यावर! मला मेसेज येईल. जिवंत आहे एवढं तरी कळेल." रोज दुपारी ती मोबाईलवर त्या कार्डाचे व्यवहार बघायची. काही नसायचंच. मग डबा. बऱ्याचदा डबा तसाच परत घरी जायचा.

* * *

अमरगोळच्या मार्केट यार्डातले एक मिरचीचे व्यापारी. "कार्ड गेलं हो माझं!" राजूनं शेवटचे चार आकडे विचारले. काकांनी सोळाच्या सोळा घडाघडा वाचले.

"काका, वाचताय कुठनं?"

"कार्डावरनं की!"

"मग गेलं काय?"

"तेच तर तुला विचारतोय! कार्ड माझ्या हातात, मी मिरचीच्या पोत्यावर बसलोय, आणि मेसेज येतोय की मी आत्ता धारवाडात पेट्रोल भरलं. धारवाडात जर मी आहे, तर इथं बसलाय तो कोण?"

राजूनं कार्ड ब्लॉक केलं. काकांच्या शेवटच्या प्रश्नासाठी आमच्या कॉम्प्युटरात बटण नाही!

* * *

आमचा नियम असा, की ज्याचं कार्ड त्यानंच बोलायचं. धारवाडच्या एका आजींना मी तेच सांगितलं.

"आजी, कार्ड आजोबांच्या नावावर आहे. त्यांना द्या फोन."

"ते बोलत नाहीत गं."

"नुसती जन्मतारीख सांगू देत."

"थांब, जवळ धरते."

मी जन्मतारीख विचारली. पलीकडे शांत. परत विचारली, तर कोणीतरी म्हातारं माणूस खोकलं.

"आजी, आजोबा नुसते खोकताहेत. बोलेनात!"

आजी म्हणाल्या, "अगं, मी फोन त्यांच्या फोटोजवळ धरलाय. घरात मी एकटीच असते."

अय्यो! माझ्या हातातलं पेनच पडलं. मी फोन ठेवणार, तेवढ्यात आजींनी हळूच विचारलं, "कसं खोकले गं? कोरडं, की कफाचं?"

* * *

आता चार नंबर. म्हणजे कोपऱ्यातली खुर्ची. तिथली मुलगी लग्न करून बेळगावला गेली, तेव्हाच तिथल्या फोनची वायर काढून गुंडाळून ठेवली. तरी महिन्याच्या रिपोर्टात चार नंबरवर कॉल घेतल्याच्या नोंदी!

मंजुनाथ सर टेबलाखाली वाकून बघून आले. "वायरच इल्ला, कॉल ह्यांग बर्ताव?" वायरच नाही तर कॉल येतात कसे! कॉम्प्युटरवाला आला, त्यानं डोकं खाजवलं, चहा पिऊन गेला.

नेमके त्याच महिन्यात राजूचे कॉल कमी भरले. सर त्याला म्हणाले, "रिकाम्या खुर्चीकडनं शीक की काहीतरी!"

आम्ही पोट धरून हसलो. अक्का तेवढी हसली नाही. "कोणीतरी उचलतंय ना फोन," म्हणाली, "बास झालं."

* * *

मग परवाची गोष्ट. आदल्या आठवड्यात अक्का ऑफिसातच चक्कर येऊन पडली होती. डॉक्टरनं जेवणाचं विचारलं, तशी तिची आई रडली. "एक तर ते कार्ड तरी बंद कर, नाहीतर मला सांग, मी दोन्ही पोरं गेली असं समजते!"

स्वतःच्या खात्यावरचं कार्ड स्वतः ब्लॉक करायची आम्हाला परवानगी नाही. गिऱ्हाइकासारखा फोन करावा लागतो. म्हणून अक्का जिन्यात जाऊन उभी राहिली आणि फोन केला. तो नेमका मला लागला.

"नाव?"

"गिरिजा."

"कुणाचं कार्ड?"

"भावाचं."

"हरवलं, की चोरीला गेलं?" मला सगळं ठाऊक होतं. पण हा प्रश्न चुकवता येत नाही.

फोनमधनं खालच्या वर्कशॉपची घरघर ऐकू येत होती. मग अक्का म्हणाली, "हरवलं म्हण."

मी कॉम्प्युटरवर कार्डाची नोंद उघडली. "अक्का... हे आधीच ब्लॉक आहे."

"कुणी केलं?"

"आज सकाळी सव्वानऊला. हरवल्याची तक्रार आहे. तक्रार करणारा... ज्याचं कार्ड आहे, तो स्वतः."

जिन्यात धडधड पावलं वाजली. अक्का माझ्या मागं येऊन उभी राहिली, फोन अजून कानालाच. मी पुढचं वाचलं. नवीन कार्ड पाठवायचं का? नको. कॉल कुणी घेतला? नाव नाही. नुसतं खुर्ची नंबर चार.

खाली शेरा होता. तो मी मोठ्यानं वाचला. "गिज्जीला सांगा, वाट बघू नको. वेळेवर जेव."

"ही गिज्जी कोण, अक्का?"

"परशाला लहानपणी गिरिजा म्हणता यायचं नाही."

राजू उठून चार नंबरच्या टेबलाखाली वाकला. वायर गुंडाळलेलीच होती, रबर बँडसकट.

अक्कानं आपला डबा घेतला आणि चार नंबरच्या खुर्चीत जाऊन बसली. मोबाईल टेबलावर पालथा ठेवला, आणि शेवटच्या घासापर्यंत जेवली.