मेपल लाल, मग सुट्टी

आमच्या लँडस्केपिंगच्या धंद्यात झाडांपेक्षा किस्से जोमाने वाढतात. दुबईच्या उन्हात झाड जगेल न जगेल, किस्सा मात्र बिनपाण्याचा तरारतो! मरीनातल्या एका टॉवरच्या लॉबीत आम्ही जपानी मेपलचं एक झाड लावलं होतं. त्या एकट्याने किस्स्यांचं भरघोस पीक दिलं.

जानेवारीत आलं तेव्हा त्याची साल पोवळ्यासारखी लाल होती. बिल्डिंग मॅनेजर नबील रोज त्याच्याबरोबर सेल्फी काढायचा. एप्रिलमध्ये साल हिरवट-मातकट झाली आणि मला मेल आला, 'झाडाचा रंग उडालाय, वॉरंटीत बदलून द्या!'

*

मी समजावलं, "सर, ही साल थंडीत लाल होते, उकाड्यात फिकी पडते."

"हबीबी, थंडी नो प्रॉब्लेम!" म्हणत नबीलने लॉबीचा एसी सोळावर नेला. पंधरा दिवसांनी लाल झालं ते रिसेप्शनिस्टचं नाक!

*

घरी हे सगळं वैतागून सांगितलं. इथेच वाढलेली माझी लेक फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "बाबा, इट्स अ ट्री. लेट इट बी." इतकी वर्षं या धंद्यात काढून मला हे वाक्य क्लायंटसमोर म्हणता येत नाही, याचं खरंच वाईट वाटलं.

*

खरा अडकला तो आमचा माळी दत्ताराम. कुडाळचा माणूस, आंब्याच्या कलमांवर हात बसलेला. मुलीचं लग्न महिन्यावर आलेलं, पण झाड लाल होईपर्यंत माळी हलवायचा नाही, असं नबीलने आमच्या ऑफिसला बजावलेलं. "रेड फर्स्ट, लीव्ह आफ्टर, इन्शाल्ला!"

दत्ताराम मला म्हणाला, "साहेब, आमच्या आंब्याला आजवर कुणी सालीचा रंग विचारला नाही." तो हसला, पण मला त्याच्याकडे बघवेना.

*

मग टॉवरचे मालक पाहणीला येणार असं कळलं. त्या सकाळी लॉबीत पोचतो तो काय, झाड बुंध्यापासून फांद्यांपर्यंत लालभडक! खाली दत्ताराम ब्रश पुसत बसलेला. बर दुबई भागातल्या देवळाच्या गल्लीतून त्याने गेरू आणला होता.

"अहो, मंत्री येणार म्हटलं की आमच्याकडे रस्त्याच्या झाडांना गेरू मारतात. इथे तर खुद्द मालक!"

वर चुन्याचा पट्टाही मारणार होता, तेवढा मी कसाबसा थांबवला.

मालक आले. म्हातारे गृहस्थ, अंगात पांढराशुभ्र कंदुरा, म्हणजे पायघोळ अरबी झगा. नबील पुढे झाला, "सर, ऑल माय कूलिंग!"

मालकांनी खोडावरून मायेने बोट फिरवलं. मग ते लाल झालेलं बोट नबीलच्या नाकासमोर धरलं. मालक सावकाश दत्तारामकडे वळले, "ये कलर कितना दिन रहेगा?"

दत्तारामने हात जोडले, "दो महिना, साब. तब तक मैं लड़की का शादी करके वापस आता है. फिर दूसरा कोट मारेगा!"