नविनने आईच्या राबात ओतलेला गाळ

आमच्या झरी गावात नविनइतका फुकटचा ताठा मी दुसऱ्या कोणात पाहिला नाही. माणूस साधा, टेम्पो चालवणारा. पण डोक्यावर पिवळं हेल्मेट चढलं आणि स्वारीचे पाय जमिनीवर राहिले नाहीत.

झालं असं, की धातूवर मुलामा चढवणाऱ्या, गिलिटाच्या एका कारखान्याने आपलं घाण पाणी वर्षानुवर्षं गावातल्या कमळीच्या शेतात सोडलं होतं. भाताचं रोप तिथे जगायचं नाही. शेवटी आरडाओरडा झाला आणि माती धुणारी कंपनी आली. शेतात नळ्या ठोकल्या, पाणी मुरवलं, वीज सोडली. विजेच्या ओढीने मातीतलं विष एका बाजूच्या नळ्यांकडे सरकायचं आणि काळसर गाळ होऊन साचायचं. तो गाळ पिंपात भरून गाडीत चढवायचा, एवढंच नविनचं काम. नाव मात्र सुपरवायझर! उथळ पाण्याला खळखळाट फार. कमळीला तिच्याच बांधावरून हाकलायचा, "ए, लांब हो! करंट हाय. तुला काय कळतं?"

आणि याला काय कळत होतं? आमच्याकडे पावसाआधी राब भाजतात, म्हणजे पालापाचोळा जाळून भाताच्या रोपाची जागा तयार करतात. त्यात तळ्याचा गाळ पडला तर रोप जोमाने येतं. या दीडशहाण्याने ठरवलं, कंपनी माती धुते, म्हणजे घाण पाण्याबरोबर जाते आणि उरतो तो अस्सल गाळ! पिंपांत साधी माती भरून पाठवली आणि गाळ टेकाडावर आईच्या राबात ओतला. आई, बुधीबाई, टोपल्या भरभरून पसरत राहिली. लेक पहिल्यांदाच घरासाठी काही करतोय म्हणून बिचारी खूश होती.

रोप उगवलं आणि करपलं.

कंपनीच्या इंजिनिअर दक्षाबेन शेवटची माती तपासायला आल्या. कमळीचं शेत स्वच्छ निघालं. मग बुधीबाईने त्यांना टेकाडावर नेलं. माती बघताच त्या नविनकडे वळल्या. "गाळ तू इथे टाकलास ना? कबूल कर, म्हणजे हीही जमीन धुऊन देता येईल. नाहीतर कंपनी माझं ऐकणार नाही, उद्या मशीन जाईल."

एक 'हो' म्हणायचं होतं. नोकरी गेली असती, आईची जमीन वाचली असती.

"मला काय माहीत, मॅडम? कारखान्याचं पाणी आलं असेल." पाणी म्हणे टेकाड चढून आलं! निर्लज्जपणाला काही सीमा?

दक्षाबेननी बुधीबाईला विचारलं. तिने लेकाच्या तोंडाकडे पाहिलं. भेदरलं होतं मेलं.

"मना ठावं नाय, बाई," ती म्हणाली.

मशीन गेलं. नविन आता दुसरीकडे सुपरवायझर आहे. बुधीबाई कमळीच्या शेतात मजुरीने लावणी करते. स्वतःच्या जमिनीतलं गवत बकरीलाही घालत नाही. लेकाचं विचारलं, की वाकल्या वाकल्या सांगते, "बरा हाय. सायब झाला." आणि मला त्याच्या नावाने थुंकावंसं वाटतं.