तापाची पावती

आमच्या दारात गाडी होती तेव्हाची गोष्ट. गाडी म्हणजे ट्रक. नव्वदच्या पुढची वर्षं ती. उसाचा सीझन लागला की पारगावच्या रस्त्याला गाड्यांची रांग सुरू व्हायची आणि आमचे मालक घरात पाव्हण्यासारखे यायचे. आंघोळ, भाकरी, चालले. मी डबा बांधून द्यायचे तोवर इंजिन चालूच असायचं, बंद केलं तर परत लागेल की नाही याचा त्यांना भरवसा नसायचा.

पावतीचं आम्हाला काही नवल नव्हतं बरं का. ऊस उंच भरला म्हणून पावती, मागचं लाल फडकं उडून गेलं म्हणून पावती, एक दिवा लागत नाही म्हणून पावती. मालक त्या आरशामागे खोचून ठेवायचे आणि रांगेतल्या ड्रायव्हरांना दाखवायचे. त्यांचं बोलणं ऐकून वाटायचं, बक्षिसंच मिळवलीत.

पण त्या जानेवारीत त्यांना ताप भरला. भर दुपारी घोंगडी पांघरून गाडी चालवणारा माणूस मी तेव्हाच पाहिला. दात नुसते कडाकडा वाजत होते.

"आज नगा जाऊ," मी म्हटलं.

"मग टोळी कुणाच्या जिवावर सोडू?"

आता हे टोळीचं सांगायला हवं. ऊस तोडणाऱ्यांची एक टोळी एका गाडीला लावलेली असते, आणि टोळीचा मुकादम ठरवतो कुठल्या गाडीला. तोडलेला ऊस वाळतो, वाळला की वजन जातं. म्हणून गाडी येत-जात राहिली पाहिजे. आमच्या मुकादमाचा हिशोब सरळ होता. ड्रायव्हर पिणारा असला तरी चालेल, तो सकाळी उठतो. आजारी मात्र नको, तो आठ-आठ दिवस उठत नाही. ताप आल्याचं त्याच्या कानावर गेलं असतं तर टोळी दुसऱ्या गाडीला गेली असती आणि आमचा सगळा सीझन बसला असता. मालकांना भीती त्याची होती. मला भीती कालव्याची होती, कारण कारखान्याचा रस्ता कालव्याच्या कडेकडेनं जातो आणि मालकांचे डोळे आपोआप मिटत होते.

मी पदर खोचला आणि केबिनमध्ये चढून बसले.

"बाईमाणूस उसाच्या गाडीत? लोकं काय म्हणतील?"

"म्हणू द्या. तुमी पडलात तर सांगायला कुणी पायजे ना!"

गाडी भरली, निघालो. ओला रुमाल मी त्यांच्या कपाळावर धरायचे आणि मधून मधून हाका मारायचे, "अहो, जागं हाये ना?" ते म्हणायचे, "तू ओरडतीस तवर कोण झोपंल?" म्हटलं, बरंच आहे.

एका फाट्यावर मंडप दिसला. रंगीत कापड, खुर्च्या, सतरंजी, आणि वर लांबच लांब फलक, 'थकला असाल तर थांबा, विश्रांती घ्या.' रस्ता सुरक्षेचा सप्ताह होता. एका हवालदारांनी हात केला. गळ्याला मफलर, हातात गुलाबाचं फूल. मालक मला हळूच म्हणाले, "तोंड उघडू नगस."

हवालदारांनी आधी फूल दिलं, मग मालकांचे डोळे पाहिले. डोळे कसले, निखारे.

"दिवसाढवळ्या लावली का? आ करा."

मालकांनी आ केला. मी त्यांना तुळशीचा काढा पाजला होता आणि छातीला बाम चोळला होता. हवालदारांनी नाक पुढं केलं आणि गोंधळून मागं घेतलं.

"वास तर देवळातला येतोय राव."

आता मला राहवेना. "साहेब, त्यांच्या अंगात ताप हाये. परवापासनं हाये. हात लावून बघा."

मालकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कोर्टात त्यांच्याविरुद्ध साक्ष दिली. हवालदारांना मात्र आनंद झाला. ते म्हणाले, "आजारी असताना गाडी चालवणं! या कलमाची आमची एक बी केस न्हाई. वरनं रोज विचारत्यात."

आणि मग आमचे मालक, गळ्यात माळ असलेला माणूस, जे लग्नाच्या पंगतीत कुणी पिऊन आला तर पान सोडून उठायचे, ते खाली उतरले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, पाया पडतो, दारू पिऊन चालवली असं लिवा. पण आजारी लिवू नगा."

"अहो, दारूचं लिवलं तर कोर्टात उभं ऱ्हावं लागंल."

"ऱ्हातो की! कोर्टात उभा ऱ्हातो. ताप लिवू नगा, टोळी जाईल माझी."

हवालदारांनी ऐकलं नाही. लिहायला लागले. लिहिताना पेन लटलट कापत होतं, खोकल्याची उबळ आली की अक्षर पार खाली जायचं. मी नीट पाहिलं. त्यांचे डोळे आमच्या मालकांपेक्षा लाल.

"दादा, तुमाला बी ताप हाये की."

"हाये की मावशी. सप्ताह हाये ना, रजा बंद केल्यात."

"मग तुमची पावती कोण फाडणार?"

ते हसले आणि तसेच खोकले. पावती हातात दिली. म्हणजे हा माणूस गाडी चालवायच्या लायकीचा नाही असं सरकारी कागदावर आलं. त्यावर हवालदार काय म्हणाले असतील? "चला, गाडी पुढं घ्या, मागं लाईन लागलीय."

"कोण घेईल?" मी म्हटलं. "तुमीच लिवलंय, चालवू नये म्हणून."

हवालदारांनी पावतीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, वरच्या फलकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "कडेला तरी घ्या."

मालकांनी कडेला घेतली आणि तिथंच त्यांचं अवसान गळालं. मी त्यांना धरून मंडपात आणलं. सतरंजीवर पडले ते गाढ. मी मंडपातल्या किटलीतला चहा हवालदारांना दिला, सोबत मालकांसाठी आणलेली तापाची गोळी. तेही खुर्चीत बसल्या बसल्या पेंगायला लागले.

तेवढ्यात जीपगाड्या आल्या. उद्घाटनाचे पाव्हणे, मागं फोटोवाला. हवालदार दचकून उठले, टोपी सरळ केली, आणि काय सुचलं त्यांना कुणास ठाऊक, "साहेब, थकलेल्या चालकांसाठी विश्रांतीची सोय," असं ठोकून दिलं. पाव्हणे खूष. घोरणाऱ्या मालकांच्या उशाशी उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला. भाषणही केलं, पण ज्यांच्यासाठी केलं ते काही उठले नाहीत.

गाडी रांगेतल्या एका ड्रायव्हरानं कारखान्यावर खाली करून आमच्या दारात आणून लावली. दुसऱ्या दिवशी मालक दवाखान्यात, आणि फोटो पेपरात. मुकादमाला वाचता येत नव्हतं, पण फोटो कळायला वाचावं कुठं लागतं? पेपर घेऊनच दवाखान्यात आला.

"दाजी, तुमी तर लई मोठं झालात! झोपूनशान पेपरात!" आणि त्याच दमात, "टोळी दुसऱ्या गाडीला लावलीय. राग मानू नगा."

डॉक्टर म्हणाले, हिवताप आहे, आणखी एक खेप केली असती तर गाडीतनं उचलूनच आणावं लागलं असतं. मालकांना त्याचं काही नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणत राहिले, "तुझ्या जिभेनं टोळी घालवली." मी मोसंबी सोलत राहिले. म्हटलं, बोलतंय माणूस, ऐकायला मिळतंय, ते काय कमी आहे?

ती दुसरी गाडी मात्र पेंगत पेंगत कालव्यात गेली. ड्रायव्हरचा हात मोडला, जिवानं वाचला. त्याला कुणी अडवलं नाही, फूलही दिलं नाही. सप्ताह संपला होता, मंडप सोडून नेला होता.

मालक तोवर दवाखान्यातनं घरी आले होते. मुकादम मग आमच्या ओट्यावर येऊन बसला. "दाजी, ऊस वाळतोय. उतरला का ताप?"

"कवाच उतरलाय," म्हणत मालक उठले. उठताना भिंतीला धरलं, ते मी पाहिलं. खुंटीकडे हात नेला तर गाडीची किल्ली नाही. ती माझ्या कनवटीला होती.

"किल्ली दे," मालक म्हणाले.

"देते की. आधी त्या हवालदारदादाकडं जावा. ताप चढल्याची पावती त्यांनी दिलीय ना? उतरल्याची बी घेऊन या."

मुकादम हसला आणि चहाची वाट न बघता उठून गेला. मालक तसेच भिंत धरून खाली बसले. मग म्हणाले, "पांघरायला दे काहीतरी."