गढीची फडकी

“काढ ते. आन इथं ठिव,” देशमुखीणबाई म्हणाल्या आणि काठीच्या टोकानं गोठ्यामागची जमीन दाखवली.

मी बाहेरची, विटाळशी होते. अंगाला फडकं बांधलेलं होतं, त्यात त्या दिवसाचं रक्त होतं. ते सोडून त्यांच्यापुढं मातीत मांडायचं, असा हुकूम. माझी माय बाजूला हात जोडून उभी. गढीची सून ओट्यावर, नाकाला पदर लावून. रखमा नावाची त्यांची मोलकरीण परसदार अडवून.

मी काही अजाण पोर नव्हते. लग्न झालेली, नांदलेली, नवऱ्यानं दुसरी केली म्हणून मायच्या आसऱ्याला आलेली बाई होते. मांगाच्या बाईला लाज असते, ही गोष्ट गढीत कुणाला ठाऊकच नव्हती. मी मायकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली.

म्हशीच्या आडोशाला गेले. सोडलं. आणून ठेवलं. एका हातानं लुगडं सावरत, मांड्या आवळून तशीच उभी राहिले. माशा लगेच आल्या. देशमुखीणबाई वाकल्या नाहीत. काठीनंच त्यांनी घडी उलगडली. रक्तात माखलेला काठ वर आला. आमसुली काठ, त्यावर पिवळी रुईफुलं.

“माझ्याच लुगड्याचा हाय,” सून म्हणाली.

हे निजामाच्या अंमलातलं सांगते आहे. बीड जिल्ह्यात, उमापूरच्या अंगाला आमचं गाव. गावात देशमुखाची गढी आणि ओढ्याच्या खालच्या बाजूला आमचा मांगवाडा. माय सुईण होती. गढीतलं, गावातलं प्रत्येक पोर तिच्या हातावर आलेलं. नाळ ती कापायची, वार ती पुरायची. त्याच कामात आणखी एक काम होतं, ज्याचं नाव कुणी तोंडानं घेत नसे. गढीच्या बायकांची विटाळाची फडकी उचलायची.

गढीत जुन्या लुगड्यांना तोटा नव्हता. फाडायचं, लावायचं, भिजलं की परसातल्या कोपऱ्यात फेकायचं. एकदा लावलेलं फडकं तिथं कुणी पुन्हा हातात धरत नसे. धुवायचं तर नावच नको. परटीणसुद्धा त्याला शिवायची नाही. कोपऱ्यात ढीग साचायचा, कुबट वास सुटायचा, मग रखमा काठीनं ढकलून त्याचं बोचकं करायची आणि मायला हाक यायची. मायनं ते ओढ्यापलीकडं नेऊन खोल पुरायचं. उघड्यावर टाकायचं नाही. कुणाच्या हाती पडलं तर त्यावर करणी होते, बाईची कूस बांधली जाते, असं सगळे मानायचे.

या सगळ्याबद्दल मायला रोज गढीच्या शिळ्या भाकरी आणि दिवाळीला एक लुगडं. तेवढं एकच नवं कापड आमच्या घरात येई. ते दोघी मिळून वर्षभर नेसायचो.

पण माय फडकी पुरत नव्हती. सगळी तरी नाही. त्यातली जरा धड असलेली ती दुपारच्या वेळी ओढ्यावर राखेनं चोळायची आणि घरी आणायची. माझ्यासाठी. तिचा स्वतःचा विटाळ केव्हाच थांबला होता.

माझ्याकडं दुसरं होतं काय? गोणपाटाचा तुकडा. त्यात चुलीतली राख. चालताना मांड्या सोलून निघायच्या आणि राख ओली होऊन खाली ओघळायची. तशा अंगानं मी शिंदीच्या झावळ्या वाहून आणायची, केरसुण्या बांधायची. मायला ते बघवत नव्हतं.

पहिल्यांदा तिनं गढीचं फडकं माझ्या हातात दिलं तेव्हा मला ओकारी आली. कितीही चोळलं तरी कडेला तपकिरी डाग राहिलेला. त्यात ते उन्हात वाळवायची सोय नाही. उन्हात टाकलं तर दिसेल. म्हणून केरसुण्यांच्या ढिगाखाली दडपून ठेवलेलं. कायम दमट. त्याला बुरशीचा आणि परक्या अंगाचा वास.

“दुसऱ्या बाईचं रगत हाय माय हे,” मी म्हणाले.

“धुतलंय की गं. रगत समद्यांचं सारखंच आसतं.”

“मग त्यांनी लावावं की आपलं.”

माय हसली नाही. मी ते लावलं. लावत राहिले. पुढं खाज सुटली, फोड आले, बसता येईना. औषध म्हणून माय लिंबाच्या पाल्याचं पाणी द्यायची आणि वर पुन्हा तेच फडकं द्यायची.

रखमानं एका दुपारी मायला ओढ्यावर फडकी चोळताना पाहिलं आणि गढीत जाऊन चहाडी केली. सुनेला मूल होत नव्हतं. मग काय, गढीला चोर सापडला.

“बोल,” देशमुखीणबाई मायला म्हणाल्या. काठी अजून माझ्या रक्तावरच होती. “माझ्या सुनेची कूस बांधाया कुणी सांगितलं तुला?”

मायनं लांबूनच मातीत डोकं टेकवलं. “न्हाई हो बाईसाब. करणी कशाची आन काय. लेकीला लावाया घरात चिंधी न्हाई. म्हणून धुतलं. देवाशप्पत.”

 मग देशमुखीणबाई हसल्या. रखमा हसली. त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं होतं, करणी नव्हती, नुसतीच आमची गरिबी होती. सुनेनं मात्र ओट्याखाली थुंकलं. “शी. माझं वंगाळ हिच्या अंगाला.” वंगाळ तिचं, आणि किळस माझी. त्या थुंकीचे शिंतोडे माझ्या पायावर आले.

आणि मग न्याय झाला. गढीचा न्याय.

“चोरून कशाला न्यायचं?” देशमुखीणबाई म्हणाल्या. “मी देते म्हणून ने. पुरू नको, वापर. पर दिवाळीचं लुगडं आता बंद. वर्सभर कापड नेतीसच की माझं.”

माय म्हणाली, “मेहरबानी झाली बाईसाब.”

करणीचा बोभाटा चावडीवर गेला असता तर मायच्या पाठीची सालटी निघाली असती. ती सुटली म्हणून मेहरबानी म्हणाली. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी तो शब्द माझ्या कानातून अजून जात नाही. त्यांच्या अंगावरून फेकलेलं रक्तानं भरलेलं फडकं आता आमचा हक्क झालं होतं. इनामच म्हणा ना. निजामानं देशमुखाला जमीन दिली, देशमुखानं आम्हाला हे दिलं.

जमिनीवरचं ते मी उचललं. त्याला माती लागली होती, शेण लागलं होतं. तेच झटकून पुन्हा लावलं आणि घरी आले. दुसरं होतं कुठं?

वाटेत मला एकच गोष्ट सुचत होती. गढीची सून चार दिवस बाजूला बसते. तिच्या ताटाला कुणी शिवत नाही. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की ती सोवळी. आम्ही कितीही पाणी घेतलं तरी आमचा विटाळ जन्मभर जात नाही. आणि त्यांचा चार दिवसांचा विटाळ पुन्हा आमच्याच अंगाला बांधायचा. कुणी ठरवलं असेल हे? ठरवताना त्याला घास कसा गिळला असेल?

मी शिसारी गिळायचं बंद केलं. एवढंच. त्यात काही मोठेपणा नव्हता, माझं अंगच ऐकेना झालं होतं.

त्या वर्षी नारायणगडाच्या जत्रेत आम्ही केरसुण्या विकायला बसलो. दरवर्षी विक्री झाली की माय मला बांगड्या भरायची. मी म्हणाले, बांगड्या नकोत. कापडवाल्याकडं गेले. त्यानं लांबूनच विचारलं, काय पाहिजे. मी मांजरपाट मागितलं. कोरं. खळीचा वास असलेलं. त्यानं कापड माझ्यापुढं टाकलं, हातात दिलं नाही. पण ते कोरं होतं. माझ्याआधी कुणाच्याही अंगाला लागलेलं नव्हतं.

मायला वाटलं, मी पोलकं शिवणार. घरी आल्यावर मी दातानं कड चावली आणि त्याच्या पट्ट्या फाडायला लागले.

“येडी हायस का?” माय म्हणाली. “कोरं कापड आन तिथं लावनार?”

“तिथंच लावनार. जिथं गढीचं लावत व्हते तिथं.”

कडा दुमडून मी टाके घातले. पुन्हा पुन्हा वापरायचं होतं, दोरे सुटून चालणार नव्हतं. वापरलं की थंड पाण्यात भिजवायचं, मग फुटक्या काठाच्या मडक्यात राखेच्या पाण्यात उकळायचं, आणि बाभळीच्या कुंपणावर उन्हात टाकायचं. उन्हात. सगळ्यांच्या डोळ्यांपुढं.

मांगवाड्यातल्या बायका गोळा झाल्या. एक म्हातारी म्हणाली, “झाक गं ते. गडीमानसाची नजर पडली की त्यो आंधळा व्हतो.”

“आजपतुर किती झाले? एक तरी दाव.”

“तोंड लई सुटलंय तुजं.”

सुटलंच होतं. संध्याकाळी कुंपणावरची फडकी काढली तेव्हा ती कडक झाली होती, भाजलेल्या भाकरीसारखी गरम होती. ती लावली आणि मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. कोरडं. स्वतःचं. रक्तही माझं आणि डागही माझा. पुढं हळूहळू खाज गेली, फोड बसले. बाईच्या जन्माला येऊन एवढं साधं सुख असतं, हे मला तेव्हा कळलं.

गढीचं बोचकं मात्र येतच राहिलं. मी त्याला शिवत नव्हते. माय आणायची आणि ओढ्यापलीकडं पुरायची. दिवाळी आली. लुगडं आलं नाही.

मग सुनेला दिवस गेले. करणीचं नाव घेणारी गढी आता मायला रोज बोलावू लागली, पोट चोळायला. बाळंतपणाला मीही गेले. मूल अडलं होतं. सुनेनं माझं मनगट असं धरलं की तिची नखं रुतली. तेव्हा तिला विटाळ आठवला नाही. नाकाला पदर नव्हता. “सोडू नको गं मला,” म्हणत होती. मी सोडलं नाही. मायचे हात कोपरापर्यंत रक्तात होते. दिवस कलायला लागला तेव्हा मूल बाहेर आलं. मुलगी. रडली आणि गढीतल्या माणसांची तोंडं उतरली.

मायनं नाळ कापली. वार परसात नेऊन पुरली. आम्ही परत आलो तोवर ओटा, उंबरा, आमच्या पावलांची जागा, सगळीकडं गोमूत्र शिंपडलं होतं. सून डोळे मिटून पडली होती. मनगटावर तिची नखं मला अजून झोंबत होती.

कोपऱ्यात बाळंतपणाचा ढीग पडला होता. रक्त, पाणी, घाण. देशमुखीणबाईंनी पायाच्या अंगठ्यानं तो दाखवला.

“हे उचला. बाळंतपणाचं दुसरं काय मागू नगा. त्यात इरकली लुगडं हाय. धुतलं तर लेकीला वर्सभर पुरंल.”

माय वाकली.

मी त्या ढिगावर पाय ठेवला. “न्हाई माय.”

माय वाकलेलीच राहिली. देशमुखीणबाईंना आधी कळलंच नाही काय झालं ते.

“बाईसाब,” मी म्हणाले, “नाळ कापली, वार पुरली. ते आमचं काम हाय, ते केलं. हे तुमचं रगत हाय. तुमी धुवा, न्हाईतर तुमीच पुरा.”

“कावून? आजवर नेत व्हता की.”

“आजवर नेलं.”

“जमादाराला सांगून चावडीत हुबी करीन तुला.”

“करा. तिथं मला इचारतील, काय उचलाया न्हाई म्हनलीस. मी समद्या गड्यांपुढं सांगीन. कुनाचं, कुठलं, समदं सांगीन.”

मी ढिगावरचा पाय काढला नाही. मी बघितलं, देशमुखीणबाईंचा चेहरा पडला. मला गोठ्यामागं उभं करताना ज्या लाजेचा त्यांना पत्ता नव्हता, ती लाज आता त्यांच्याच दारात येऊन बसली होती. त्यांनी सुनेकडं पाहिलं, ढिगाकडं पाहिलं. जमादाराचं नाव पुन्हा काढलं नाही.

माय सरळ झाली. तिनं सुईणीसाठी कोपऱ्यात ठेवलेल्या मडक्यातलं पाणी हातावर घेतलं, कोपरापर्यंत धुतलं आणि चालू लागली.  घरी आल्यावर तिनं केरसुणी उचलली आणि मला मारलं. हात दुखेपर्यंत मारलं. मी मारू दिलं.

गढीच्या भाकरी त्या दिवसापासून बंद झाल्या. बाळंतपणाला दुसऱ्या गावची सुईण यायला लागली. ती बोचकं उचलायची. गढीचा धाक म्हणून गावातही कुणी मायला बोलावेना. आम्ही रानातला तरवटा उकडून खाल्ला, अंबाडी खाल्ली, केरसुण्या डोक्यावर घेऊन गावोगाव हिंडलो. काही दिवस नुसतं पाणी पिऊन झोपलो. माय मरेपर्यंत म्हणायची, “तुझ्यापायी भाकर गेली.” खरंच होतं ते. माझ्यापायीच गेली. तिनं मला माफ केलं नाही आणि मीही तिच्याकडं माफी मागितली नाही.

पण त्या भाकरीबरोबर काय काय गिळावं लागत होतं, ते तिला मला सांगावं लागत नव्हतं आणि मला तिला.

आता मांगवाड्यात पोर न्हाती झाली की तिची आई मला बोलावते. मी कोरं मांजरपाट फाडते, कडा दुमडायला शिकवते, कुठं वाळवायचं ते दाखवते. पोरी लाजतात, तोंडावर हात धरून हसतात. मी हसत नाही. मी त्यांना बजावते, आपलं रगत आपण धुवायचं, दुसऱ्याचं उचलायचं न्हाई. भाकर बंद झाली तर होऊ द्यायची. आणि कुणी पायाच्या अंगठ्यानं दाखवून उचल म्हणालं, मग तो देशमुख असो नाहीतर खुद्द निजाम, त्याच्या डोळ्यांत बघून म्हणायचं, वाक आन तूच उचल.