भांगाला लावायचं औषध

आमच्या लहानपणी बायका गुंतवळ फेकत नसत. कंगव्यात आलेले केस बोटाला गुंडाळायचे, त्याची गोळी करायची आणि भिंतीच्या फटीत खोचून ठेवायची. सुया-पिना विकणारी दारात आली की त्या गोळ्या तिला द्यायच्या आणि सुई-दोरा घ्यायचा. किस्से तसेच साठतात. रोजचे दोन-चार केस कुणाच्या लक्षात येत नाहीत, पण एक दिवस फटीत हात घातला की मूठभर निघतं.

माझी फट म्हणजे पडेगावच्या रस्त्यावरचा एक दवाखाना. कातडीच्या आणि केसांच्या डॉक्टर होत्या आमच्या मॅडम. नंबर लावायचे, नाव पुकारायचं आणि औषध कसं लावायचं ते पेशंटला बाहेर पुन्हा सांगायचं, हे माझं काम. मॅडमही मराठीतच सांगायच्या. पण डॉक्टरसमोर माणूस नुसती मान हलवतो आणि बाहेर येऊन विचारतो, "गोदामावशी, काय म्हणाल्या ओ त्या?"

यातली नावं मी बदलली आहेत. ज्यांचं आहे त्यांनी ओळखलं तर ओळखू द्या.

* * *

केसांसाठी मॅडम सगळ्यांत जास्त लिहून द्यायच्या ते औषध म्हणजे मिनॉक्सिडिल. औषधांच्या खोक्यांवरून इंग्रजी शिकले मी. एकेक अक्षर लावत वाचलेला हा माझा सगळ्यात लांब शब्द.

एकदा एका कंपनीचा माणूस आला. टाय, बॅग, हातात चकचकीत कागद. मॅडमना यायला वेळ होता म्हणून मला समजावत बसला, की हे औषध खास केसांसाठीच शोधून काढलंय.

मी म्हटलं, "आधी बीपीची गोळी होती ना ही?"

"तुम्हाला कुणी सांगितलं मावशी?"

"मॅडमच्या टेबलावरच्या पुस्तकानं. बीपीसाठी गोळी घेणाऱ्यांच्या गालावर, हातावर केस यायला लागले. तेव्हा डॉक्टर लोकांना सुचलं, की हेच पातळ करून डोक्याला लावून बघावं."

तो हसला. "शिक्षण किती झालंय तुमचं?"

"चौथी पास. पण चौथी नीट पास आहे."

पुढच्या खेपेला आला तेव्हा आधी मला नमस्कार केला, मग खुर्चीवर बसला.

* * *

ती वर्षं दुष्काळाची. शहर मात्र चहूकडून फुगत होतं. ज्वारीच्या रानात चार-चार मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या, नळ बसले, फक्त पाणी तेवढं आलं नाही. शहराचं नाव काय असावं यावर लोक भांडायचे. मी म्हणायची, नाव काहीही ठेवा, टँकरवाल्याला दोन्ही नावांनी फोन लागतो.

पाणी खारं. बादलीच्या कडेला पांढरा थर बसायचा. त्यामुळं केस गळाले की सगळ्यांचं बोट टँकरकडं.

एका नव्या कॉलनीचे सेक्रेटरी आले. वय चाळिशीचं, पुढचं डोकं मोकळं झालेलं. त्यांना औषध नको होतं, सर्टिफिकेट हवं होतं. "पाण्यामुळं टक्कल पडलं असं लिहून द्या मॅडम. अर्ज करायचाय."

मॅडमनी दिव्याखाली डोकं बघितलं. "वडिलांचे केस कसे होते?"

"वडील? गुळगुळीत. लग्नाच्या फोटोतसुद्धा टोपी आहे."

"आणि आजोबांचे?"

"तेही तसेच."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "त्यांच्या विहिरीवर अर्ज करायचा का?"

साहेब औषध घेऊन गेले.

* * *

हे औषध सांगायला सोपं, समजायला अवघड. केसांना लावायचं नाही, कातडीला लावायचं. डोकं कोरडं हवं. लावून झालं की हात धुवायचे. चोळत बसायचं नाही. नेमकं आत काय होतं ते पूर्ण कुणालाच ठाऊक नाही, आणि मॅडम तसं कबूल करायच्या. मुळाकडचं रक्त वाढतं, केसाची वाढायची मुदत लांबते, एवढं त्या सांगायच्या.

हे एका फटक्यात समजलेला एकच माणूस मी बघितला. पैठणच्या बाजूचे मोसंबीवाले. पुढचं-मधलं डोकं आरशासारखं, मागं विरळ.

"म्हणजे ठिबक," ते म्हणाले. "पानं नाय भिजवायची, मुळाशी थेंब द्यायचा."

"बरोबर," मॅडम म्हणाल्या.

"वठलेल्या झाडाला चालंल का?"

"नाही. सुकत चाललेल्याला चालेल. वठलेल्याला काही उपयोग नाही."

त्यांनी टाळूवरून हात फिरवला. "हे वठलंय. मागचं वाचवू." मग खाली बघत म्हणाले, "बागंचं बी तसंच केलं ह्या आठवड्यात. निम्मी तोडली. जेवढी टँकरवर जगंल तेवढी ठेवली."

मॅडमनी औषध लिहायला घेतलं. काकांनी पुन्हा विचारलं, "पाऊस झाला की टँकर बंद करता येतो. ह्याला पाऊस कधी?"

"ह्याला पाऊस नाही काका. लावताय तोवर आहे. थांबलात की तीन-चार महिन्यांत आलेलं सगळं जाईल."

ते उठले, रुमाल बांधला. दारात मला म्हणाले, "बाई खरं बोलतात. लई महाग पडत आसंल त्यांना."

* * *

आता जे सांगते ते मला आजही बरं वाटत नाही.

सिल्लोडकडची एक सून. बाळंतपणानंतर केस विरळ झाले आणि वर्ष उलटलं तरी भरून आले नाहीत. सासरी कळू नये म्हणून तिनं काय केलं, मिनॉक्सिडिलची बाटली खोबरेल तेलाच्या बाटलीत ओतली. तिला वाटलं, तेलातून लावलं की मुरतं, आणि कुणाला संशयही येत नाही. आम्हाला यातलं काही सांगितलं नाही.

दीड-दोन महिन्यांनी ती सव्वा वर्षाच्या लेकीला घेऊन आली. बरोबर सासू. बाळाच्या कपाळावर, गालांवर काळी लव आली होती. सासू म्हणत होती, "कुणाची तरी नजर हाय. मी रोज न चुकता चोळते पोरीला."

"कशानं चोळता?" मॅडमनी विचारलं.

"तेलानं. घरातल्याच बाटलीतल्या."

सुनेचा चेहरा मी बघितला. मॅडमनीही बघितला. सासूला मी पाणी द्यायच्या निमित्तानं बाहेर आणलं, आणि आत ती पोरगी सगळं बोलली.

मॅडम कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशी चढवला. "केस जाऊ दे. हे रक्तदाबाचं औषध आहे. एवढ्याशा जिवाचं हृदय!" लगेच मोठ्या दवाखान्यात पाठवलं, तपासण्या झाल्या. बाळ सुखरूप निघालं. तेल बंद केल्यावर काही महिन्यांत लव गेली.

त्या दिवसापासून औषध देताना मी एक वाक्य वाढवलं. बाटली बदलायची नाही आणि लपवायची नाही.

* * *

हे वाक्य सगळ्यांत जास्त लागलं ते अनिताला.

अनिता लासूर स्टेशनची. वडील नाहीत. आई शिवणकाम करायची. पोरगी शाळेवर शिकवायची आणि शनिवारी रेल्वेनं यायची. भांग इतका रुंद झालेला, की उन्हात टाळू चमकायची. तिच्या आईला एकच घोर. पोरीचं जमेल का?

औषध सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात ती एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. आत मूठभर गुंतवळ. "मावशी, हे आधीपेक्षा जास्त गळतंय. आई बाटली फेकून द्यायला निघाली होती."

मी तिला बसवलं. "दुधाचे दात कसे पडले होते तुझे? खालून नवे आले म्हणून पडले. थकलेले केस आधी जातात. बहुतेक लोक इथंच औषध सोडतात. तू सोडू नको."

तिनं सोडलं नाही. चौथ्या महिन्यात भांगाच्या कडेला बारीक केस दिसायला लागले. वर्षभरात भांग निम्मा झाला. दाट नाही म्हणणार मी, खोटं बोलायचं वय नाही माझं. पण टाळू झाकली.

मग स्थळ आलं. मॅडमनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, की मूल व्हायच्या वेळी औषध बंद करावं लागेल आणि केस परत जातील. आई म्हणाली, "ते तेव्हाचं तेव्हा बघू. आत्ता गंगावन लाव आणि गप बस." खोट्या केसांची ही लांब वेणी आणून ठेवली होती माउलीनं.

अनिता मला म्हणाली, "मावशी, रविवारी तुम्ही या. मला एकटीला धीर होणार नाही."

मी गेले.

मुलाकडून तिघं आले होते. मुलगा, त्याची आई आणि आत्या. आत्याच बोलत होती. मुलाची आई डोक्यावरून पदर घेऊन भिंतीला टेकून बसली होती, चहा घेतानासुद्धा पदर ढळू दिला नाही. अनिता पोहे घेऊन आली. पाठीवर स्वतःची, बोटाएवढी वेणी. तिच्या आईनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मीच ते गंगावन चोरलंय.

आत्यानं बशी हातात घेतली. "केस एवढेच व्हय?"

"टायफॉईड झाला होता ना," आई घाईनं म्हणाली. "येतील आता."

"आई, टायफॉईड नाही झाला," अनिता म्हणाली.

ती आत गेली आणि औषधाची बाटली घेऊन आली. पोह्यांच्या बशांमध्ये, ट्रेमध्येच ठेवली.

"हे मी रोज लावते. लावते म्हणून एवढे आहेत. बंद केलं की जातात. मूल व्हायच्या वेळी बंद करावंच लागेल, तेव्हा तुमच्या घरात जातील. नंतर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं."

अनिताच्या आईनं पदर तोंडाला लावला. मुलगा बाटलीकडं बघत होता. आत्यानं बशी खाली ठेवली. "असलं कुणी पाहुण्यांपुढं आणून ठेवतं व्हय? चला वहिनी, उठा."

वहिनी उठल्या नाहीत. हात लांब करून त्यांनी बाटली उचलली, उजेडाकडं धरून किती उरलंय ते बघितलं, आणि झाकण करकचून पिळून ती अनिताच्या हातात दिली.

"घट्ट लावत जा गं. उडतं हे. माझी आख्खी बाटली उडाली मागच्या उन्हाळ्यात."