लाल दांडीचं पाणी

गाळणबाई हे नाव तिला रंगखात्यातल्या लोकांनी ठेवलं, तेही चिडवायला म्हणून. तिने ते इतक्या सहज अंगाला लावून घेतलं की चिडवणाऱ्यांचीच मजा गेली. "गाळण आहे म्हणून चहा पिता," ती म्हणायची, "नाहीतर चोथा चावत बसला असता."

कापड रंगवायच्या त्या कारखान्यात तिची चौदा वर्षं मागच्या अंगाला गेली. पुढे रंगाची मोठी यंत्रं, आणि त्यांतून सुटलेलं पाणी मागच्या हौदात. हौदात चुना-तुरटी टाकायची, गाळ बसू द्यायचा आणि तो फावड्याने उपसायचा. सुताचा कोंडा, खळ आणि रंग यांचा तो काला म्हणजे ओल्या सिमेंटचा भाऊच. संध्याकाळी पाठीत अशी कळ भरायची की चप्पल घालायला भिंतीचा आधार लागायचा. "दिवसभर लोकांचा हौद उपसते आणि घरात तांब्या उचलताना वाकवत नाही," असं सासूबाई म्हणायच्या, आणि म्हणता म्हणता शेकायची पिशवी गरम करून आणायच्या.

चार महिन्यांपूर्वी हौदाशेजारी नवीन यंत्र आलं. त्यात हातभर लांबीच्या पांढऱ्या नळ्या, प्रत्येक नळीला आतून आरपार एकोणीस बारीक भोकं. बसवायला आलेला इंजिनियर म्हणाला, "ह्यांना सिरॅमिक मेम्ब्रेन म्हणतात."

"म्हणजे भाजलेली मातीच ना?"

"मातीच. पण हिची छिद्रं डोळ्याला दिसत नाहीत."

मातीच म्हटल्यावर ती निश्चिंत झाली. घाण पाणी त्या भोकांतून जोरात पळवायचं. पळता पळता स्वच्छ पाणी नळीच्या भिंतीतून बाहेर पाझरतं आणि कोंडा, खळ, न विरघळलेला रंग पुढे निघून जातो. माठ पाझरतो तसंच, फक्त हा माठ धावत्या पाण्याचा. शिवाय उकळत्या पाण्याला आणि कॉस्टिक सोड्याला ह्या नळ्या भीत नाहीत.

भितात त्या एकाच गोष्टीला, आणि ती तिने स्वतःच्या हाताने शिकून घेतली. रंगखात्यात गरम धुणं झालं की लगेच गार पाणी सोडतात. चौदा वर्षं तेच बघितलेलं. पहिल्याच महिन्यात गरम कॉस्टिकने नळ्या धुतल्यावर तिने सवयीने गार पाणी सोडलं. आत टक् असा आवाज झाला, आणि दहा मिनिटांत स्वच्छ पाण्याच्या नळाला कोंड्याचे तंतू येऊ लागले. झाकून ठेवता आलं असतं. ती सरळ ऑफिसात जाऊन म्हणाली, "एक नळी माझ्यामुळे तडकली. परत तडकणार नाही." आणि खरंच तडकली नाही. रोज सकाळी पंप सुरू करण्याआधी ती क्षणभर डोळे मिटायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "देव बुद्धी देतो. नळ्या धुवायला तो येत नाही."

आता अडचण एकच होती, ती म्हणजे रंगमास्तर. तीस वर्षं रंग जुळवणारा माणूस, डोळा असा की दोन पांढऱ्यांत तिसरा दाखवील. मालकांनी स्पष्ट सांगितलं होतं: गाळलेलं पाणी रंगखात्याने परत वापरलं तर यंत्र राहील, नाहीतर नळ्या आल्या तशा परत जातील. नळ्या परत म्हणजे गाळणबाई परत फावड्यावर. आणि तिची पाठ आता ते फावडं पुन्हा उचलणार नव्हती, हे तिलाही ठाऊक होतं आणि सासूबाईंनाही.

मास्तर तिला पाण्यात पाहायचे. तिचं कामच पाण्याचं, त्यामुळे त्यांना लांबही जावं लागत नसे. "गटाराचं पाणी मी माझ्या कापडाला लावू?" ते म्हणायचे. शेवटी मालकांनी तारीख ठरवून दिली. गुरुवारी मास्तरांनी तिच्या पाण्यात फिकट मोतिया रंगाचं कापड काढायचं. मोतियासारखा चुगलखोर रंग नाही. पाण्यात जरा खोट असली की डाग पडलाच.

बुधवारपर्यंत पाणी काचेसारखं येत होतं. गुरुवारी सकाळी नळ सोडला आणि पेल्यात गुलाबी पाणी आलं.

मास्तर हजरच होते. त्यांनी पेला उजेडात धरला. "फाटली तुमची गाळणी, बाई."

"ही फाटत नाही, मास्तर. तडकते."

"मग तडकली म्हणा. मालकांना मी सांगू की तुम्ही सांगता?"

तिने पेला त्यांच्याकडून घेतला, भिंतीवरच्या सूचनांच्या कागदावर टेकवला आणि म्हणाली, "वाचा बरं."

"मला शाळेत बसवता काय?"

"वाचा तर."

मास्तरांनी पाण्यातून पलीकडचा मजकूर वाचला. बारीक अक्षरसुद्धा लख्ख दिसत होतं.

"पाणी रंगीत आहे, पण गढूळ नाही," ती म्हणाली. "नळी तडकली की आधी कोंडा येतो. मी तडकवलेली आहे, मला विचारा. ह्यात एक तंतू दाखवा, मी स्वतः मालकांकडे येते. हा विरघळलेला रंग आहे. मीठ विरघळल्यावर गाळणीत अडकतं का? म्हणून तर विरघळणाऱ्या रंगाचं गार धुणं जुन्या हौदात जायचं ठरलंय. माझ्याकडे फक्त खळीचं आणि न विरघळणाऱ्या रंगाचं गरम पाणी."

रंग कशात विरघळतो आणि कशात नाही हे मास्तरांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पेला परत हातात घेऊन ते म्हणाले, "हा तर आमचा लाल. काल संध्याकाळी काढला. इकडे कसा आला?"

"तेच म्हणते मी. कुठेतरी पाणी मुरतंय."

दोघं रंगखात्यात गेले. यंत्रामागे दोन नवे कॉक होते, एक तिच्या नळ्यांकडे आणि एक जुन्या हौदाकडे पाणी सोडणारा, प्लंबरने शनिवारीच बसवलेले. एकाची दांडी लाल, दुसऱ्याची निळी. यंत्रावरच्या भाऊला मास्तरांनी विचारलं, "काल लालचं धुणं कुठून सोडलं?"

भाऊ म्हणाला, "लाल दांडीतून."

"का?"

"का म्हणजे काय, मास्तर? लाल रंग, लाल दांडी. परवा निळा होता तो निळ्या दांडीतून सोडला. हिरवा येईल तेव्हा तुम्हाला विचारणारच होतो."

गाळणबाईने पदर तोंडाला लावला. मास्तरांनी प्लंबरला बोलावून घेतलं. तो बिचारा पाना हातात घेऊनच आला.

"लाल म्हणजे गरम आणि निळं म्हणजे गार," तो म्हणाला. "कुठल्याही न्हाणीघरात जाऊन बघा."

"हे न्हाणीघर आहे?" भाऊ म्हणाला.

"दादा, तुमचं चुकलं नाही," गाळणबाई प्लंबरला म्हणाली. "भाऊंचंही नाही. रंगखात्यात लाल म्हणजे लालच. इथे दांडीला रंग नाही, शब्द पाहिजे."

मास्तरांनी स्वतः खडू घेतला आणि एका कॉकवर 'गरम', दुसऱ्यावर 'गार' लिहिलं. लिहून झाल्यावर ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "पण पाणी तर गुलाबीच आहे. आज मोतिया होणार नाही. पुढच्या महिन्यात बघू."

पुढचा महिना म्हणजे कधीच नाही, हे न कळायला ती काल जन्मली नव्हती.

"जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबा," ती म्हणाली. "टाकी रिकामी करते, नळ्या गरम पाण्याने धुते, सावकाश निवू देते. तुम्ही तोवर इकडे फक्त गरम धुणंच येऊ द्या. नंतर पाणी तुमच्या मनाला आलं नाही तर मीच नळ्या खोक्यात भरून देईन."

तिने एकेक काम घाई न करता उरकलं. निवायला पाऊण तास लागणार होता, तो तिने पाऊण तासच दिला, एक मिनिट कमी नाही. भाऊ दोनदा डोकावून गेला. तिने त्याला एकदा पाणी प्यायला दिलं आणि एकदा हाकलून दिलं.

दुपारी पेला भरला. मास्तरांनी तो पांढऱ्या कापडावर ठेवला, वरून पाहिलं, बाजूने पाहिलं, वास घेतला. मग बादल्या न्यायला सांगितलं. छोट्या यंत्रात दहा मीटर कापड चढवलं. ते निघालं, पिळलं, वाळलं, तोवर चार वाजले. मास्तर ते खिडकीपाशी घेऊन गेले, जुन्या पाण्यातला मोतिया शेजारी धरला आणि दोन्ही तुकडे एकमेकांवर सरकवत राहिले. सगळं खातं हातातलं काम थांबवून उभं होतं.

"पाणी मुळातच कोमट येतं तुमचं," ते शेवटी म्हणाले. "तापवायला वाफ कमी लागेल."

"हो."

"उद्या किती देऊ शकाल?"

"आठ हजार लिटर. दहा मागाल तर मिळणार नाही, नळ्यांना धुवायला वेळ लागतो."

"आठ पुरेल," मास्तर म्हणाले, आणि मालकांना ते सांगायला स्वतःच ऑफिसकडे निघाले.